शल्य आणि दंड : एका सांध्याचा इतिहास

१

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने आपल्या चोवीस गुरूंची जी गणना केली आहे, तीत एक बाण घडविणारा कारागीर आहे. त्याच्या दारावरून राजाची स्वारी वाजतगाजत गेली, परंतु हातातील बाणावर चित्त खिळलेले असल्याने त्या शरकाराला तिची वार्ताही लागली नाही. पैठणच्या एकनाथांनी याच स्कंधावरील आपली टीका काशीक्षेत्री शके १४९५ मध्ये, म्हणजे इ. स. १५७३ मध्ये पूर्ण केली, आणि तेव्हापासून हा शरकार मराठी श्रोत्यांच्या परिचयाचा झाला. कीर्तनकारांनी त्याच्यापासून एकाग्रतेचा बोध घेतला, शिक्षकांनी तो विद्यार्थ्यांना सांगितला. परंतु तो कारागीर त्या घटकेला नेमके काय करीत होता, एवढी तल्लीनता ज्याला लागावी असे बाणाच्या कामात काय असते, हा प्रश्न आम्हांस तरी कधी पडला नव्हता. तो पडला लष्करातील एका जुन्या वाड्यात, आणि तोही आमच्याच हातून झालेल्या एका प्रमादामुळे.

काही वर्षांपूर्वी खंडेनवमीच्या दिवशी आमच्या एका स्नेह्यांच्या घरी शस्त्रपूजेसाठी जुनी शस्त्रे काढली होती. दोन तलवारी, एक कट्यार आणि कापडात गुंडाळलेले सात-आठ बाण. बाणांच्या काड्या बोरूसारख्या पोकळ. फळे लोखंडी, पानाच्या आकाराची. पुसताना एका बाणाचे फळ हातात आले. मागच्या सुळ्यावर काळसर, काचेसारखे ठिसूळ असे काहीतरी चिकटलेले होते. ते मळ समजून आम्ही खरवडून टाकले, बाजारात मिळणारे झटपट वाळणारे चिकट द्रव्य लावले आणि फळ पुन्हा बसविले. मोठे सत्कृत्य केल्याच्या समाधानात बाण चौरंगावर ठेवला. दुसऱ्या दिवशी उजेडात पाहिले तो फळ काडीशी स्पष्ट कलते होते, आणि आता ते हलविण्याची सोय राहिली नव्हती.

पुढे तलवारीची मूठ सैल झाली म्हणून ती घेऊन आम्ही एका वृद्ध शिकलगाराकडे गेलो, तेव्हा हा बाणही दाखविला. त्याने तो डोळ्यासमोर आडवा धरला, तळहातावर टेकवून एकदा फिरविला आणि खाली ठेवला. "साहेब, जे खरवडून टाकलेत तीच तर लाख होती. ती असती तर तापवून सरळ केला असता." एवढेच तो बोलला. प्रस्तुत लेख म्हणजे त्या एका वाक्यावरील भाष्य होय.

२

बाणाचे तीन भाग: पुढचे फळ, मधला दंड आणि मागचा पिसांचा पुंख. कवींनी पिसांचे कौतुक केले, योद्ध्यांनी फळाचे. परंतु बाण कामास येतो की नाही हे ठरते फळ आणि दंड यांच्या सांध्यावर, आणि हा सांधा कोणाच्या दृष्टीस पडत नाही.

फळ दंडावर बसविण्याच्या दोन रीती जगभर आढळतात. एकीत फळाच्या मागे निमुळता सुळा असतो व तो काडीच्या पोकळीत शिरतो. दुसरीत फळाच्या मागे नळी असते व काडीचे टोक शंकूसारखे तासून त्या नळीत बसवितात. पहिली रीत पोकळ बोरूच्या काडीला सोयीची, दुसरी भरीव लाकडाला. विळा किंवा खुरपे यांना दांडा बसविताना आमचे शेतकरी आजही यांपैकीच एक रीत वापरतात.

आता यात कठीण ते काय? कठीण हे की, बाणाचे फळ जितके रुंद तितका त्याच्यावर वाऱ्याचा जोर अधिक. मागची पिसे बाणाला सरळ ठेवू पाहतात. पुढचे पाते तिरपे बसले असेल तर तेही सुकाणूसारखे काम करू लागते आणि बाणाला भलतीकडे नेते. सुईसारख्या टोकाला थोडा कल खपतो. शिकारीच्या रुंद पात्याला तो मुळीच खपत नाही. म्हणून फळाचे टोक, सांधा, दंडाचा मध्य आणि पुंखाची खाच ही चारही एका रेषेत यावी लागतात.

ही रेषा साधण्याचे काम चिकट द्रव्याचे नव्हे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. काडीचे टोक तासतानाच ते दंडाच्या मध्यरेषेशी जुळले नाही, तर लाखेचा कितीही थर दिला तरी फळ सरळ होत नाही. लाख पोकळी भरते, चूक दुरुस्त करीत नाही. नळी आणि शंकू यांचा निमुळतेपणा एकच असावा लागतो, नाही तर फळ एका कडेवर टेकून डुलते. पाश्चात्य देशांत आजही लाकडी बाणांच्या टोकांना पाच अंशांचा निमुळतेपणा देण्याचा जो प्रघात आहे, तो याच कारणासाठी. त्यानंतर नळीतील तेल व गंज काढणे, फळ तापविणे (काडी नव्हे, कारण ती जळते), वितळलेल्या लाखेचा पातळ थर देणे आणि फळ किंचित पीळ देत दाबून बसविणे, असा क्रम येतो. लाख मऊ आहे तोवर बाण उभा धरून त्याचे टोक तळहातावर किंवा नखावर टेकवून फिरवावयाचा. टोक एका बिंदूपाशी स्थिर राहिले तर बाण साधला. बारीकसे वर्तुळ काढू लागले तर पुन्हा ऊब द्यावयाची, फळ थोडे वळवावयाचे व पुन्हा फिरवून पाहावयाचे. लाख थंड होईपर्यंतचा हा काळ काही क्षणांचा असतो. शरकाराला राजाची स्वारी ऐकू आली नाही यात मग आश्चर्य कसले? मान वर केली असती तर लाख थिजली असती.

शेवटी सांध्याच्या मागे स्नायूचा ओला धागा सरसात भिजवून आवळतात. तो वाळताना आकसतो आणि काडीला घट्ट धरतो. याचे कारणही उघड आहे. बाण लागतो त्या क्षणी फळ मागे रेटले जाते, आणि मागचा सुळा पाचरीसारखा काडीत घुसून तिला फाडू पाहतो. लाख फळाला जागेवर ठेवते, आवळण काडीला फुटू देत नाही. दोहोंचे कार्य भिन्न आहे.

लाख व सरस यांतील भेदही कारागीर जाणत होते. सरस चामड्यापासून होतो. तो घट्ट पण पाण्याला हार जाणारा, पावसाळ्यात सुटणारा. लाख पळस, कुसुंब, बोर अशा झाडांवरील कीटकांची. तिला पाण्याचे भय नाही, पण ती ठिसूळ असते व उष्णतेने मऊ होते. हा तिचा दोषच कारागिराच्या दृष्टीने गुण ठरतो, कारण जे तापवून बसविले ते तापवून काढता येते. आमच्या तलवारींच्या पोकळ मुठींत पात्याचा सुळा लाखमिश्रणानेच बसवीत असत. सोन्याच्या पोकळ दागिन्यांत लाख भरण्याची रीत तर प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. शिकलगार, सोनार आणि तीरगर हे या दृष्टीने एकाच विद्येचे तीन वारस होत.

ही विद्या केवळ आपलीच, असे मात्र कोणी मानू नये. उत्तर अमेरिकेतील याही जमातीचा अखेरचा मनुष्य ईशी हा १९११ मध्ये बाहेरच्या जगात आला. १९१६ मध्ये तो वारला. तो आपल्या बाणांची काचेसारख्या दगडाची फळे तापविलेली राळ आणि स्नायूचा धागा यांनीच बसवीत असे. त्याच्यापासून धनुर्विद्या शिकलेले डॉक्टर सॅक्स्टन पोप यांनी १९२३ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. एका माणसाबरोबर बुडणारी विद्या एका श्रोत्यामुळे वाचली, असे हे उदाहरण आहे.

३

आपल्या ग्रंथांत बाणाविषयी लिहिलेले थोडे नाही. कौटिल्याने आयुधागाराच्या प्रकरणात वेणू, शर, शलाका, दण्डासन आणि नाराच असे बाणांचे प्रकार सांगून, त्यांची मुखे छेदण्यासाठी, भेदण्यासाठी व ताडण्यासाठी लोखंडाची, हाडाची किंवा लाकडाची असावीत असे म्हटले आहे. इ. स. १३६३ च्या सुमारास संकलित झालेल्या शार्ङ्गधरपद्धतीत धनुर्वेदाचे एक प्रकरणच आहे. काडी फार जाड नसावी, फार बारीक नसावी, कच्ची नसावी, वाईट भूमीतील नसावी. पिसे कावळा, हंस, मोर, गिधाड इत्यादींची, स्नायूने बांधलेली असावीत, असा या परंपरेचा उपदेश आहे. पुढे जड असलेला बाण स्त्री, मागे जड असलेला पुरुष आणि सारखा असलेला नपुंसक. पहिला दूर जातो, दुसरा दृढ वस्तू भेदतो, तिसरा लक्ष्याच्या अभ्यासाला योग्य, असा मौजेचा भेदही तेथे आहे. फळांची नावे तर एखाद्या कोशाला शोभतील अशी : चिलखतासाठी सूचीमुख, धनुष्यासाठी क्षुरप्र, मस्तकासाठी अर्धचंद्र, हृदयासाठी भल्ल.

एवढे सारे लिहिणाऱ्यांनी सांध्याविषयी मात्र फारच थोडे लिहिले. आम्हांस वाटते याचे कारण असे की, ग्रंथ लिहिणारा वेगळा आणि लाख वितळविणारा वेगळा होता. फळाचे नाव योद्ध्याला लागे, म्हणून ते श्लोकात आले. सांध्याची रीत कारागिराला लागे. ती हाताने हाताला दिली गेली, आणि हात थांबले तेव्हा तीही थांबली.

तथापि एका ठिकाणी हा सांधा आपल्या वाङ्मयात अवचित प्रकट होतो, आणि तो धर्माधर्माच्या चर्चेत. द्रोणवधापूर्वीच्या युद्धवर्णनात महाभारतकार सांगतो की, त्या वेळी कर्णी, नालीक, विषलिप्त, बस्तिक अशा जातींचे बाण कोणी वापरले नाहीत. यांतील बस्तिक म्हणजे काय? सतराव्या शतकातील टीकाकार नीलकंठ चतुर्धर यांनी याचा उलगडा केला आहे. फळ व दंड यांचा सांधा मुद्दाम शिथिल ठेवलेला बाण तो बस्तिक. तो उपटू गेले असता दंड हातात येतो आणि शल्य शरीरात राहते. नीलकंठ हे मूळचे गोदातीरीच्या कोपरगावचे व काशीस जाऊन राहिलेले. पैठणच्या एकनाथांनी शरकाराची कथा काशीत मराठीत आणली आणि शतकभरानंतर त्याच नदीच्या काठच्या दुसऱ्या पंडिताने त्याच नगरीत शरकाराच्या सांध्याचा अर्थ सांगितला, हा योगायोग मोठा मनोहर आहे.

मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायातही काटेरी, विषारी व अग्नीने पेटविलेल्या बाणांचा निषेध आहे. हे नियम सर्वत्र पाळले जात होते असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. जे घडतच नाही त्याचा निषेध कोणी करीत नाही. परंतु एवढे निश्चित की, सांधा पक्का की कच्चा हा प्रश्न आपल्या पूर्वजांनी केवळ कसबाचा मानला नाही, नीतीचा मानला. पक्क्या सांध्याचा बाण घाव करतो आणि काढला की निघतो. कच्च्या सांध्याचा बाण युद्ध संपल्यावरही मारीत राहतो.

त्या मारण्यावर उतारा शोधणारे शास्त्र म्हणूनच शल्यतंत्र हे आयुर्वेदाच्या आठ अंगांत मानाचे ठरले. सुश्रुताने सूत्रस्थानाचे सव्वीस व सत्तावीस हे दोन अध्याय शल्य शोधणे व काढणे यांना दिले आहेत. सर्व शल्यांत बाणच मुख्य, असे तो सांगतो. बाणाचे काटेरी आणि गुळगुळीत असे दोन वर्ग करतो. फळांचे आकार झाडांची पाने, फुले, फळे व पशुपक्ष्यांची तोंडे यांसारखे असतात हेही नोंदवितो. शल्य काढण्याच्या रीती दोनच : आले त्या वाटेने मागे ओढणे ती प्रतिलोम, गेले त्या दिशेने पुढे काढणे ती अनुलोम. रामायणातील हनुमंताने आणलेल्या ओषधींत एकीचे नाव विशल्यकरणी आहे हे वाचकांस स्मरत असेलच. अकबराच्या शस्त्रागाराच्या यादीतही बाणाचे फळ ओढून काढण्याचे साधन 'पैकानकश' या नावाने येते. फारसीत पैकान म्हणजे फळ. ती यादी आईन-ए-अकबरीत देणारा अबुल फजल १६०२ मध्ये मारला गेला आणि ग्वाल्हेरजवळच्या अंतरी येथे त्याची कबर आहे.

या गोष्टीला पुराव्याची जोड युरोपातून मिळाली. आल्प्स पर्वतातील बर्फात १९९१ मध्ये सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या एका मनुष्याचे प्रेत सापडले. त्याच्या भात्यातील गारेची फळे भूर्जवृक्षाच्या सालीच्या डांबराने चिकटवून धाग्याने आवळलेली होती. दहा वर्षांनी, २००१ मध्ये, क्ष-किरणांनी त्याच्या डाव्या खांद्यात रुतलेले एक गारेचे फळ दाखविले. दंड तेथे नव्हता. चिकट द्रव्य व धागा यांनी बांधलेले सांधे ज्याच्या भात्यात होते, तो स्वतः अशाच एका सुटलेल्या सांध्याचा बळी होता.

याच्या उलट, सुटणारा सांधा अन्नासाठी वापरणारेही लोक आहेत. अंदमानी शिकाऱ्यांच्या डुकराच्या बाणाचे फळ लागताच सुटते, परंतु ते दोरीने दंडाशी बांधलेले असते. पळणारे जनावर त्या दोरीने झुडपात अडकते. येथे शिथिलता कपटाची नसून योजनेची आहे. सांध्याचा न्याय त्याच्या हेतूवरून करावा लागतो.

४

आता लष्कराकडे वळू. दौलतराव शिंदे यांनी १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली दिलेली छावणी पुढे शहर झाली आणि तिचे 'लष्कर' हे नाव तसेच राहिले. परंतु ज्या सैन्याने हे नाव दिले ते धनुष्यबाणाचे सैन्य नव्हते. महादजी शिंदे यांनी १७८४ मध्ये द बॉइन या सरदारास नोकरीस घेऊन कवायती पलटणी उभारल्या, त्यांनाच मराठी कागदपत्रांत 'कंपू' म्हणतात. १८०३ मध्ये असई आणि लासवारी येथे शिंद्यांच्या बाजूने बंदुका व तोफाच बोलल्या. लष्करात आजही कंपू हा भाग आहे, जिन्सीचा नाला आहे. जिनसी म्हणजे तोफखाना. पायदळ आणि तोफखाना यांनी शहराच्या नकाशावर आपली नावे कोरली. तीरगराला ती संधी मिळाली नाही. तो येण्यापूर्वीच त्याचा काळ सरत आला होता.

सरत आला म्हणजे एका दिवसात संपला असे नव्हे. अठराव्या शतकात घोडेस्वारांच्या हाती धनुष्य होतेच. तोड्याची बंदूक एकदा झाडून पुन्हा भरेपर्यंत बाण अनेक सुटत. परंतु बंदूक शिकविणे सोपे, धनुष्य शिकविणे कठीण. मागणी आटली तसे कारागीर पांगले. कच्छातील कमानगर धनुष्यांवर रंग व रोगण चढवीत. त्यांनी तीच कला भिंतींवर नेली, आणि कमानगरी चित्रे म्हणून ती आज ओळखली जाते. आमच्याकडील शिकलगार तलवारीकडून सुरी-कात्रीकडे वळला.

शिकारही बंदुकीची झाली. माधवराव शिंदे यांच्या काळात (१८८६–१९२५) शिवपुरीच्या रानातील शिकारी प्रसिद्ध होत्या, परंतु तेथे रायफल होती, बाण नव्हे. बाण राहिला तो रानातल्या लोकांकडे. १८५७ च्या उठावानंतर अमझेऱ्याचे राजे बख्तावरसिंह यांना १८५८ मध्ये इंदुरास फाशी देण्यात आले आणि तो मुलूख शिंद्यांकडे आला. ही भिल्लांची भूमी. बांबूचे धनुष्य, बांबूच्याच कांबीची दोरी आणि गावच्या लोहाराने घडविलेले लोखंडी फळ, ही त्यांची सामग्री. खानदेशात १८२५ मध्ये औट्रमने भिल्लांची पलटण उभारून त्यांच्या हाती बंदूक दिली, तरी घराच्या वळचणीला धनुष्य राहिलेच. रुंद फळ मोठ्या जनावरासाठी, बोथट लाकडी टोक पाखरासाठी, हा विवेक त्यांना ग्रंथावाचून होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस बंदी आली आणि ते योग्यच झाले. रानात आता जनावरेच थोडी उरली आहेत. परंतु शिकार थांबली म्हणून शिकारीची विद्या नोंदविण्याचे कर्तव्य संपत नाही, उलट ते निकडीचे होते.

५

या सर्व विवेचनानंतर आम्ही पुन्हा त्या कलत्या बाणाकडे येतो. आमची चूक बाण वाकडा बसविला एवढीच असती तर ती क्षुल्लक होती. खरी चूक लाख खरवडली ही होय. तिच्यात काय मिसळले होते, राळ होती की विटेची भुकटी, थर किती होता, फळ किती वेळा काढून बसविले होते, हे सारे त्या काळ्या कवचीत लिहिलेले होते, आणि आम्ही ते मळ म्हणून पुसले. संग्रहालयांतून बाण काचेमागे मांडलेले असतात. फळाची लांबी व काळ चिठ्ठीवर असतो. सांध्याविषयी एक अक्षरही नसते. आमच्या घराघरांतून जी थोडी जुनी शस्त्रे उरली आहेत त्यांची दर खंडेनवमीस आम्ही अशीच सेवा करीत असू, तर पुढच्या पिढीला लखलखीत लोखंड मिळेल, विद्या मिळणार नाही.

अध्यापकांस आमची विनंती एवढीच की, आपापल्या गावी शिकलगार, लोहार, सोनार, तसेच भिल्ल किंवा वारली वस्तीतील कोणी वृद्ध अद्याप असेल, तर त्याच्या तोंडचे शब्द उतरून घ्यावेत. सुळ्याला तो काय म्हणतो, आवळणाला काय म्हणतो, वाकड्या बसलेल्या फळाला काय म्हणतो. आपल्या कोशांत भल्ल आणि क्षुरप्र आहेत. ते ज्या हातांनी बसविले त्या हातांचे शब्द नाहीत.

भाषेने मात्र आपल्या परीने एक आठवण जपली आहे. शल्य हा शब्द आज मराठीत बाणाच्या फळासाठी कोणी वापरीत नाही. मनात राहून गेलेल्या, वर्षानुवर्षे सलणाऱ्या दुःखाला आपण शल्य म्हणतो. दंड निघाला, फळ आत राहिले. युद्ध विसरले, बाण विसरले, आणि दुखणे तेवढे शब्दात उरले. कच्च्या सांध्याविषयी महाभारतकाराला जो तिटकारा होता त्याचे याहून मार्मिक स्मारक दुसरे असणार नाही.

गेल्या खंडेनवमीस त्या वाड्यात आणखी एका बाणाचे फळ सैल झालेले दिसले. या वेळी कोणी ते बसविले नाही. सुळ्यावरील लाखेसह ते वेगळ्या कापडात ठेवले, काडी शेजारी ठेवली, आणि दोहोंवर हळदकुंकू न वाहता केवळ फूल वाहिले.